गाइडला किती द्यायचे? छावणीतून वेरूळ-अजिंठ्याला जाणाऱ्या वाटेवरचा एक जुना प्रश्न



तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट, नेट-सेटच्या तयारीत आहात. काहींचं कोर्सवर्क सुरू झालंय, काहींना पहिल्यांदाच फील्डवर्कला निघायचंय. फील्डवर्कबद्दल मला जे प्रश्न विचारले जातात त्यांत एक हमखास असतो, आणि तो विचारताना सगळेच थोडे चाचरतात: "ताई, तिथं वाट दाखवायला जो माणूस येतो त्याला किती पैसे द्यायचे?"

संशोधन पद्धतीच्या पुस्तकांत याचं उत्तर नसतं. मुलाखत कशी घ्यायची, प्रश्नावली कशी करायची, सगळं असतं. पण डोंगरात चार-पाच तास पुढे चालणाऱ्या माणसाच्या हातात शेवटी काय ठेवायचं, यावर एक ओळही नाही. म्हणून आज हा प्रश्न आपण इतिहासाचा प्रश्न म्हणून घेऊ. मी राहते छावणीत, म्हणजे जुन्या कागदांतल्या औरंगाबाद कॅन्टोन्मेंटमध्ये, आणि माझा विषय आहे एकोणिसाव्या शतकात इथून निघणाऱ्या वाटा. त्यामुळे उदाहरणंही इथलीच घेते.

आधी माझी चूक

पहिल्या वर्षी मी अजिंठ्याच्या डोंगररांगेत एका जुन्या घाटवाटेचा माग काढायला गेले होते. गावातले साठीच्या पुढचे एक गृहस्थ सोबत आले. निघताना मी विचारलं, "काका, किती घ्याल?" ते म्हणाले, "द्या काय द्यायचं ते. तुमच्या मनाला यील ते द्या." मला बरं वाटलं. एक अवघड विषय लवकर संपला, असंच वाटलं.

आम्ही पाच तास चाललो. झाडीत दडलेल्या दोन बारवा आणि दगडी फरसबंदीचा एक तुकडा त्यांनी दाखवला. कुठल्याही नकाशात ते नव्हतं. परत आल्यावर मी शंभराची नोट काढून दिली. त्यांनी ती बघितली, घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवली आणि "बरं" म्हणाले. कापूस वेचणीचे दिवस होते. त्या दिवशी ते रानात गेले असते तर यापेक्षा बरेच जास्त मिळाले असते, हे मला एसटीत बसल्यावर सुचलं.

घरी येऊन मी टिपणवहीत लिहिलं: "स्थानिक वाटाड्यासोबत पाहणी केली." माझ्या गाइडनी (आपण पीएच.डी.वाले मार्गदर्शकांना गाइडच म्हणतो) ते वाचलं आणि विचारलं, "हा स्थानिक म्हणजे कोण?" मला नाव सांगता आलं नाही. मी ते विचारलंच नव्हतं.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात विद्यापीठातल्या गाइडसाठी आपण अख्खा परिच्छेद लिहितो. डोंगरातल्या गाइडसाठी माझ्याकडे एक शब्दही नव्हता. हे असं का झालं असावं याचा शोध घेताना मला जे सापडलं ते खाली मांडते.

शब्दांची उतरंड

कुठल्याही विषयात शिरताना आधी शब्द बघावेत. कामाचा मोबदला पण ठरलेली मजुरी नव्हे, अशा पैशाला मराठीत किती शब्द आहेत पाहा. भटजींना देतो ती दक्षिणा. शास्त्रीबुवांना देतात ती संभावना. गवयाला किंवा कीर्तनकाराला निरोप देताना मिळते ती बिदागी. घरगड्याला दिवाळीत मिळतो तो पोस्त. कचेरीतल्या शिपायाच्या हातात सरकते ती चिरीमिरी. आणि हमाल, टांगेवाला, वाटाड्या यांना मिळतं ते बक्षीस.

पैसा तोच. पण घेणारा कोण आहे त्यावरून त्याचं नाव बदलतं. दक्षिणा देताना देणारा वाकतो. बक्षीस देताना घेणारा वाकतो. 'बक्षीस' हा शब्द फारसीतून आला, मूळ क्रियापदात देणं आणि माफ करणं असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे त्या शब्दातच देणारा वरच्या पायरीवर उभा आहे.

वसईजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेनं—नाही, थांबा, वरसई वसईजवळची नव्हे, पेणजवळची. अशा चुका माझ्याकडून होतात म्हणूनच गावाचं नाव दोनदा तपासायची सवय लावून घ्या! तर मुद्दा असा: गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' वाचताना आपल्याला दक्षिणेसाठी केलेला प्रवास विद्येचा प्रवास वाटतो. वाटाड्यानं बक्षिसाची अपेक्षा ठेवली की मात्र तो आपल्याला 'मागे लागणारा' वाटतो. साधनं वाचताना आपला हा कल आधी ओळखायला हवा.

वाट दाखवणं हे कुणाचं काम होतं?

आता मुख्य प्रश्न. पर्यटन हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी या मुलखात फौजा, कारकून, व्यापारी आणि यात्रेकरू फिरत होते. त्यांना वाट कोण दाखवत होतं?

गावगाड्यात याचं उत्तर ठरलेलं होतं. गावात आलेल्या सरकारी माणसाला पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवणं, त्याचं ओझं वाहणं, निरोप नेणं, रात्री वेशीवर पहारा देणं, ही महार वतनदारांची कामं मानली जात. वेशीवरच्या कामाला येसकर आणि आल्यागेल्याच्या तैनातीला तराळ ही नावं होती. शंकरराव खरातांच्या आत्मचरित्राचं नाव 'तराळ-अंतराळ' आहे, ते याच तराळकीवरून.

या कामाचा मोबदला प्रवाशाकडून घ्यायचा नसे. गाव तो देई: हाडकी-हाडोळ्याची थोडी वतनी जमीन, सुगीला बलुतं, दारोदारची भाकरी. परंपरेत 'बावन हक्क' सांगितले जातात. शब्द लक्षात घ्या, हक्क. कागदावर तरी ते कुणाच्या खुशीवर नव्हतं. प्रत्यक्षात काय होतं ते वेगळं: बलुत्याचं धान्य किती हे शेतकरी ठरवायचा, आणि काम किती हे सरकार ठरवायचं.

इथं माझं म्हणणं असं आहे. प्रवाशाच्या दृष्टीनं वाटाड्याची मजुरी 'आधीच दिलेली' होती. त्याला काहीच देणं लागत नव्हतं. मग त्यानं जे काही हातावर ठेवलं ते आपोआप बक्षीस झालं. काम सक्तीचं आणि पैसा मर्जीचा, अशी ही जोडी आहे. एकोणिसाव्या शतकात छावण्या बसल्या, साहेब लोक शिकारीला, लेणी बघायला, मोजणीला फिरू लागले. काम वाढलं. वतनाची जमीन मात्र तेवढीच राहिली आणि वारसांत वाटली जाऊन तुकडे होत गेली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं, त्यामागे हेच दुखणं होतं. वतनदार महाराला कामाची वेळ नाही, तो नसेल तर घरातल्या कुणाला तरी जावं लागतं, आणि त्या बदल्यात हाती येतं ते अगदीच तुटपुंजं. त्यांची मागणी साधी होती: काम ठरवा, पगार ठरवा. ते विधेयक पुढे मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा आला तो १९५८ मध्ये. (ध्यानात ठेवा, १९२८ मध्ये मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तिथं मुंबईचा कायदा लागू नव्हता. गावगाड्याची रचना मात्र बरीचशी सारखी होती. तुमच्या प्रबंधात अशी सरहद्द ओलांडताना ती ओलांडली असं स्पष्ट लिहा.)

वाटाड्या कागदात कधी येतो?

आता साधनांकडे वळू. वाटाडे सगळीकडे होते, तर ते कागदात का दिसत नाहीत? दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं, असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३. हे गाव आजच्या जालना जिल्ह्यात आहे. आर्थर वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती. वाटाडे म्हणाले, इथं उतार नाही. वेलस्लीनं नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि अंदाज केला की जाण्या-येण्याची सोय असल्याशिवाय अशी गावं वसणार नाहीत. उतार निघाला, फौज पार झाली, लढाई जिंकली. ही गोष्ट पुढे वेलस्लीच्या हुशारीचं उदाहरण म्हणून शंभरदा सांगितली गेली.

तिच्यात वाटाडे आहेत ते फक्त चुकण्यापुरते. ते चुकले की मुद्दाम तसं म्हणाले? पलीकडे शिंद्यांची फौज उभी, अलीकडे कंपनीची, आणि लढाई संपल्यावर त्याच मुलखात राहायचं या लोकांना. अशा वेळी 'उतार नाही' म्हणण्याला अज्ञानाशिवाय दुसरी कारणंही असू शकतात. पुरावा नाही, म्हणून ठामपणे म्हणता येणार नाही. पण प्रश्न विचारता येतो, आणि संशोधकानं तो विचारायला हवा. त्या आधीच्या कितीतरी मुक्कामांवर हे वाटाडे बरोबर ठरले असणार. बरोबर ठरलेला वाटाड्या कुणी लिहून ठेवत नाही.

दुसरं उदाहरण अजिंठ्याचं. २८ एप्रिल १८१९ ही तारीख तुम्ही वाचलेली असेल. मद्रासच्या फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या निमित्तानं वाघूर नदीच्या घळीत आला आणि त्याला लेणी 'सापडली'. दहाव्या लेण्यातल्या खांबावर, चित्रावरच, त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरली. ती अक्षरं अजून दिसतात. तेव्हा लेण्यात माती-दगडांचा ढिगारा होता, त्यावर उभं राहून कोरल्यामुळे ती आज डोक्याच्या वर आहेत.

लोकांत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत एक गुराखी पोरगा आहे, त्यानं साहेबाला जागा दाखवली. पोरगा खरा की गोष्टीतला, हे सोडून द्या. जवळच लेणापूर हे गाव आहे, गावाच्या नावातच लेणी आहेत. म्हणजे ती जागा हरवलेली नव्हतीच. पण खांबावर नाव राहिलं ते दाखवलं गेलेल्याचं. दाखवणाऱ्याचं नाही. पाच वर्षांनी, १८२४ मध्ये, जेम्स अलेक्झांडर तिथं गेला. त्याला वाघांची आणि भिल्लांची भीती घालण्यात आली होती, असं तो लिहितो. मुलूख ज्यांच्या पायाखालचा, तेच लोक या वर्णनात वाघांच्या ओळीत बसतात.

माझ्या टिपणवहीतलं 'स्थानिक वाटाड्यासोबत' आठवलं? जॉन स्मिथनंतर दोनशे वर्षांनी मी तेच केलं होतं. फक्त खांबावर कोरलं नव्हतं, एवढंच.

त्याच सुमारास शामोनीत

तुम्ही म्हणाल, काळच तसा होता. म्हणून त्याच काळातली दुसरी एक जागा बघू. आल्प्समधलं शामोनी, माँ ब्लाँ शिखराच्या पायथ्याचं गाव. १८२० मध्ये डॉ. हामेल यांच्या मोहिमेवर हिमलोट कोसळला आणि तीन गाइड गेले: पिएर बाल्मा, पिएर कॅरिए आणि ऑग्युस्त तेराझ. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, तिथल्या गाइडांनी स्वतःची संघटना उभी केली. कुणाची पाळी केव्हा हे ठरलं, कुठल्या वाटेला किती दर हे ठरलं, आणि अपघात झालेल्यांच्या घरच्यांसाठी एक निधी ठेवला गेला. ही संघटना आजही चालू आहे. त्या तिघांचे अवशेष १८६१ मध्ये हिमनदीच्या खालच्या टोकाला बाहेर आले, तेव्हाही गावाला त्यांची नावं माहीत होती.

१८१९ चा अजिंठा आणि १८२१ चं शामोनी, मध्ये दोनच वर्षं. शामोनीचे गाइड स्वर्गात राहत होते असं नाही, तेही गरीब शेतकरीच होते. पण वाट दाखवणं हा त्यांचा व्यवसाय होता, त्यांच्यावर लादलेली गावकी नव्हती. त्यामुळे त्यांना एकत्र येऊन दर सांगता आला. दर ठरल्यावर वर दिलेला पैसा खऱ्या अर्थानं खुशीचा होतो. आपल्याकडे दरच नव्हता, म्हणून सगळा पैसा 'खुशीचा' झाला.

नाव लिहिणं नेहमी चांगलंच का?

इथपर्यंत वाचून तुम्ही ठरवाल की आता प्रत्येकाचं नाव लिहायचं. जरा थांबा. कुमाऊँच्या डोंगरात इंग्रजी अमलात 'कुली-बेगार' चालायची. साहेब दौऱ्यावर आला की गावानं ओझी वाहायची. त्यासाठी गावोगाव नावांच्या वह्या ठेवलेल्या असत, कुणाची पाळी आहे ते बघायला. १४ जानेवारी १९२१ रोजी, उत्तरायणीच्या जत्रेत, बागेश्वरला बद्रीदत्त पांडे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी त्या वह्या शरयूच्या पात्रात फेकून दिल्या. नाव कागदावर असणं हीच त्यांची बेडी होती.

म्हणजे कागदात नाव नसणं हा एक अन्याय, आणि नाव असणं हा कधीकधी दुसरा. नाव कोण लिहितो, कशासाठी, आणि ज्याचं आहे त्याला विचारून की न विचारता, यावर ते ठरतं.

दौलताबाद, १९३४

आता छावणीतून नगर नाक्यावरून पश्चिमेला निघा. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, आणि समोर देवगिरीचा किल्ला. पुढे खुलताबाद, वेरूळ. दरवर्षी हजारो लोक या रस्त्यानं जातात. किल्ल्यातल्या 'अंधारी'त, त्या वळणावळणाच्या काळोख्या भुयारात, उजेड घेऊन पुढे चालणाऱ्या माणसाशिवाय पाऊल टाकवत नाही. बाहेर आल्यावर त्याच्या हातावर काहीतरी ठेवायची रीत आहे.

१९३४ मध्ये डॉ. आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसोबत वेरूळ बघायला याच बाजूला आले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला बघायचं ठरलं. अडचण येऊ नये म्हणून त्यांनी साधे प्रवासी म्हणूनच फिरायचं असंही ठरवलं होतं. दिवस रमजानचे. प्रवासानं धुळीनं माखलेले, म्हणून दरवाजाबाहेरच्या हौदावर काहींनी हातपाय-तोंड धुतलं. त्यावरून, अस्पृश्यांनी पाणी बाटवलं म्हणून, स्थानिक लोकांचा जमाव अंगावर आला. प्रकरण हातघाईवर येता येता थांबलं. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली ती एका अटीवर: आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि अट पाळली जाते का हे बघायला सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला गेला. बाबासाहेबांनी ही हकिगत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतः लिहून ठेवली आहे.

ती वाचताना मला प्रत्येक वेळी एक गोष्ट टोचते. ज्या समाजानं पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांना वाट दाखवली, त्यातली माणसं स्वतः प्रवासी म्हणून आली तेव्हा त्यांच्या सोबतीला वाटाड्या दिला गेला नाही, पहारेकरी दिला गेला. पैशाचा इथं प्रश्नच नव्हता. त्याच आठवणींत लहानपणीचा एक प्रसंग आहे: मसूर स्टेशनवरून जाताना गाडीवान दुप्पट भाडं घ्यायला तयार झाला, पण पोरांसोबत गाडीत बसायला नाही. पोरांनी गाडी हाकली, तो बाजूनं चालला. म्हणजे दर ठरला, दुप्पट मिळाला, तरी माणूसपणाचा हिशोब तसाच राहिला. 'किती द्यायचे' या प्रश्नाचं उत्तर नुसत्या आकड्यात संपत नाही, ते यामुळे.

१९५० मध्ये बाबासाहेबांनी याच शहरात, छावणीपासून जवळ, मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. तिथून शिकलेल्यांच्या पुढच्या पिढ्यांतले कितीतरी जण आज संशोधन करतात. तुमच्यातही असतील.

मग करायचं काय?

आता व्यवहाराचं बोलू. हे नियम नाहीत, चुका करून शिकलेल्या गोष्टी आहेत.

१. दर निघण्याआधी ठरवा. समोरचा "तुमच्या मनाला येईल ते द्या" म्हणाला तर तिथं थांबू नका. त्या वाक्यात सौजन्य असतं, पण दर सांगण्याची मुभा कधी न मिळाल्याची सवयही असते. "आज रानात गेला असता तर किती रोज पडला असता?" असं विचारा. तो आकडा कमीत कमी धरा आणि डोंगराच्या, जोखमीच्या कामाचे वर मिळवा. चहा-जेवणाचा खर्च वेगळा. ते आदरातिथ्य आहे, रोजंदारीतून कापायचं नाही.

२. वेरूळ-अजिंठ्यासारख्या ठिकाणी परवानाधारक गाइड असतात. त्यांचे दर गटात माणसं किती आणि अर्धा दिवस की पूर्ण दिवस यावर ठरतात. दरपत्रक मागा. ठरलेले पैसे पूर्ण द्या. "वर बक्षीस देतो, दर कमी करा" हा सौदा करू नका. बक्षीस द्यायचं तर काम संपल्यावर, आणि न दिल्यास तो गुन्हा नाही.

३. वेळ बघा. कामानंतर, ठरलेल्या पैशांवर, आभार म्हणून दिलेलं ते बक्षीस. बंद लेणं उघडून घ्यायला, मनाई असलेला फोटो काढायला आधी दिलेली ती लाच. सरकारी पहारेकऱ्याला अशा मोहात टाकू नका. नोकरी त्याची जाते, आपण फक्त फोटो घेऊन येतो.

४. ट्रेकला गटानं गेलात तर पुढारी असलेल्या एकाच्या हातात सगळी रक्कम देऊन मोकळे होऊ नका. कोण कोण होतं? पुढे चालणारा, सामान वाहणारा, भाकऱ्या करणारी घरातली बाई. जिच्या पिठलं-भाकरीवर आपण ताव मारतो ती हिशोबात हमखास सुटते. प्रत्येकाचं त्याच्या-तिच्या हातात द्या. सुटे पैसे आदल्या दिवशीच काढून ठेवा.

५. संशोधक म्हणून पैसे वेळेचे द्या, माहितीचे नव्हे. "आणखी काही सांगितलंत तर आणखी देईन" असं म्हटलं की गोष्टी वाढत जातात, आणि तुमचं साधन बिघडतं. दर आधीच ठरलेला असला की सांगणाऱ्याला तुम्हाला खूश करायची गरज उरत नाही, आणि "मला माहीत नाही" हे उत्तरही मोकळेपणानं मिळतं.

६. कुणी पैसे नाकारले तर खिशात कोंबू नका. "पाहुणे आहात" हा त्यांचा मान आहे, तो ठेवा. काढलेला फोटो छापून पाठवा, लेख झाला की त्याची प्रत स्वतः नेऊन द्या आणि वाचून दाखवा.

७. बिलाची तयारी आधीच करा. प्रवासखर्चाच्या फॉर्मात वाटाड्याला रकाना नसतो. मग आपण ती रक्कम 'किरकोळ' मध्ये दाखवतो आणि तो माणूस पुन्हा कागदातून जातो. साधी पावती करून घ्या आणि खर्चाच्या अंदाजपत्रकातच 'स्थानिक मार्गदर्शकाचं मानधन' असं शीर्षक टाका. मंजूर होवो न होवो, मागायला सुरुवात तर होईल.

८. नाव विचारा, मग लिहू का तेही विचारा, आणि कुठं लिहिणार ते सांगा.

परत गेले तेव्हा

पुढच्या हिवाळ्यात मी त्याच गावी परत गेले. काकांना आधी मागच्या दिवसाचा राहिलेला हिशोब सांगितला. ते हसले, "त्याला वरीस झालं की ताई." पण घेतले. या वेळी रोज आधी ठरला. त्यांनी सांगितलेला आकडा मी धरला होता त्याहून थोडा जास्त होता, आणि तो सांगताना ते अडखळले नाहीत.

मग विचारलं, "प्रबंधात तुमचं नाव लिहू का?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यानं काय भानगड तर व्हायची नाही ना? जमीन-बिमीन?" मी समजावून सांगितलं. बागेश्वरच्या वह्या मला त्याच क्षणी आठवल्या.

शेवटी ते म्हणाले, "लिहा. पण खालची बारव मला चुलत्यानं दाखवली हुती. त्याचं आधी लिहा, मग माझं."

संदर्भ कसा द्यायचा हे मला कोर्सवर्कमध्ये सहा महिने शिकवलं होतं. ती दोन्ही नावं प्रबंधात त्याच क्रमानं येतील. इथं देत नाही, कारण परवानगी मी प्रबंधापुरतीच मागितली होती.

पुढच्या लेखात बघू, गावातल्या जुन्या कागदांचे फोटो काढताना परवानगी कशी मागायची. तोपर्यंत अभ्यास चालू द्या.